मागाहून आलेली

सुमेधा खांबेटेला स्वस्थ बसता येत नाही, हे पामर्स्टन नॉर्थमधल्या एकूणएक मराठी घरांना ठाऊक होतं. गणपतीच्या आरतीत टाळ वाजवता वाजवता ही बाई मध्येच उठून शेगडी बंद आहे ना ते बघून यायची. कुणाकडे जेवायला गेली तर घरच्या बाईच्या आधी हिचे हात सिंकमध्ये. "अगं, बस की जरा," असं म्हटलं की बसायची, पण कशी, तर खुर्चीच्या कडेवर, गाडीची किल्ली हातात घेऊन. चारुदत्त, म्हणजे तिचा नवरा, दुधावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत कामाला. तो म्हणायचा, "हिच्या पायाला भिंगरी आहे, आणि डोक्याला दुसरी."

ती स्वतः इस्पितळातल्या औषधविभागात फार्मासिस्ट. दोन हजार एक साली इथं आली तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. पुन्हा परीक्षा दिल्या, पुन्हा शिकाऊ म्हणून उभी राहिली आणि तीन वर्षांत अशी रुळली की नवे डॉक्टर चिठ्ठीवर डोसाचा आकडा लिहिताना "सुमेधा काय म्हणेल" म्हणून आधी फोन करायचे. गोळ्या मोजणाऱ्या माणसाची नजर तिला होती. एक कमी, एक जास्त, लगेच दिसायचं.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत त्यांची एकुलती एक इशिता ऑकलंडला, अल्बनीच्या कॅम्पसवर शिकायला गेली आणि घर असं रिकामं झालं की सुमेधाला स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू यायला लागला. मग तिनं मांजरं आणली. तिची नव्हेत, उसनी. गावात बेवारशी जनावरांची एक छोटी संस्था होती. आईविना सापडलेली पिल्लं तिथली ग्लेनिस नावाची बाई लोकांच्या घरी पाठवायची, आठ-नऊ आठवड्यांची झाली की परत न्यायची आणि कायमचं घर शोधून द्यायची. इकडे याला फॉस्टरिंग म्हणतात. सुमेधा म्हणायची, "माहेरपण." चारुदत्त म्हणायचा, "उपद्व्याप." पण पिल्लं त्याच्याच मांडीवर झोपायची, ते सोडा.

ऑक्टोबरात सांगलीहून माई आल्या, म्हणजे तिच्या सासूबाई. वय सत्त्याहत्तर, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. सासू-सुनेचं वाकडं होतं असं कुणी म्हणू शकत नसे. तेवीस वर्षांत एकदाही भांडण नाही. माई म्हणायच्या, "सुमेधाकडे बोट दाखवायला जागा नाही." सुमेधा म्हणायची, "माईंना काय हवं ते मला न विचारता कळतं." दोघीही खरंच बोलत होत्या. पण एका खोलीत दोघीच उरल्या की सुमेधाला काहीतरी काम आठवायचं, आणि ती उठायची.

माई मांजरांना हाकलतील असं वाटलं होतं. कसलं काय! नोव्हेंबरच्या मध्यावर ग्लेनिसनं चार पिल्लं आणून दिली तेव्हा माईंनी पहिल्याच दिवशी त्यांना कालवलेला दहीभात द्यायचा प्रयत्न केला. चौघं पाच आठवड्यांची, एका आईची. बैठकीच्या खोलीत त्यांचं राज्य. दिवाळी होऊन गेलेली, फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले, आणि म्हातारी खुर्चीत बसून जमिनीवर लोकरीचा गुंडा फिरवतेय.

पिल्लं आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, सुमेधानं त्यांना गराज सेल बघायला नेलं. लोक आपल्या घराच्या गराजचं दार उघडतात, नको झालेल्या वस्तू मांडतात आणि सगळं गाव त्या चिवडत हिंडतं. माईंना हे तुळशीबागेइतकं आवडलं. एका घरी कोपऱ्यात एक वेताची टोपली होती, लांबट, उंच कडांची, वर कमानीसारखी दांडी.

"अगं, हा तर पाळणा!" माई म्हणाल्या. "सुमेधा, बारसं करू या गं यांचं. इशिताच्या बारशाला मी नव्हते."

इशिता झाली तेव्हा माई आजारी होत्या, येऊ शकल्या नव्हत्या. त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, आज मागितलं. सुमेधानं त्या घरच्या बाईला विचारलं. बाई म्हणाली, "आमच्या मांजरीची होती ती, मिस्टीची. न्या, न्या, अशीच न्या."

घरी आणून टोपली पाइपानं धुतली, साबण लावला आणि मागच्या अंगणातल्या लाकडी डेकवर उन्हात उपडी घातली. माई म्हणाल्या, "दोन उन्हं दिली की काही उरत नाही." मिरच्या, पापड, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, सगळ्याला त्यांचा हा एकच कायदा. आणि इथलं ऊन म्हणजे तासाभरात नाक सोलवटणारं. औषधं कोळून प्यायलेली आमची फार्मासिस्टही मान डोलावून मोकळी झाली. तिनं इस्पितळात असं काही ऐकलं असतं तर समोरच्याची शाळाच घेतली असती. पण घरच्या उन्हाला कुणी प्रश्न विचारतं का?

बारशाच्या आधी, बुधवारी, ग्लेनिस पाचवं पिल्लू घेऊन आली. जवळच्या फील्डिंग गावातल्या एका शेडखाली एकटंच सापडलेलं, राखी रंगाची मादी, कान अंगापेक्षा मोठे. "दोन आठवडे वेगळी ठेव, सुमेधा. चौघांत मिसळायची नाही. हिच्या अंगात काय आहे ते आपल्याला माहीत नाही." सुमेधानं तिची सोय कपडे धुण्याच्या खोलीत केली. वेगळी वाटी, वेगळी वाळू, त्या खोलीत घालायच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, वेगळ्या. नियम म्हणजे नियम.

रविवारी बारसं झालं. सात बायका, घुगऱ्या, सुंठवडा, टोपलीला झेंडूच्या माळा. इस्पितळात नर्स असलेली अस्मिता आत्या झाली. पाळण्याच्या वरून-खालून पिल्लाची दे-घे झाली, कानात नावं सांगितली, पाठीवर हळूच धपाटे पडले आणि माई तर लहान मुलीसारख्या हसत होत्या. नावं त्यांनीच काढलेली. सगळ्यात गंभीर चेहऱ्याचा बोका काशिनाथ, दुसरा बंड्या, बहिणी गोदा आणि सखू. चौघांचं आटोपलं, त्यांना उचलून खोलीत नेलं, तेव्हा धुण्याच्या खोलीतून बारीक आवाज आला.

"तिचं काय पाप?" माई म्हणाल्या. "सगळ्यांना पाळणा आणि ती एकटी दाराआड?"

सुमेधा घुटमळली. पण चौघं तर आत गेली होती. एकत्र कुठे ठेवतोय? आधी ती, मग ही. नियम मोडला असं काही म्हणता येणार नाही, असं तिनं स्वतःला पटवलं आणि राखी पिल्लाला आणून टोपलीत ठेवलं. पाच मिनिटं. नाव काही सुचेना, तेवढ्यात चहा उतू गेला. "हिचं नंतर ठेवू," माई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी काशिनाथ वाटीशी आला नाही. तो पाण्याच्या भांड्यावर हनुवटी टेकवून बसला होता. पीत नव्हता, नुसता बसला होता. सुमेधानं कानाला हात लावला, तर चटका बसावा इतका गरम. दुपारपर्यंत गोदानं पिवळा फेस ओकला. कामावर निरोप देऊन तिनं चौघांना खोक्यात घातलं आणि व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, धावली.

व्हेटनं विष्ठेची चाचणी केली. दहा मिनिटांनी त्या छोट्या पट्टीवर निळा ठिपका उमटला. मांजरांचा पार्व्हो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवणारा, आतडी आतून सोलणारा विषाणू. "औषध नाही," व्हेट म्हणाली. "पाणी देत राहायचं, ऊब द्यायची, उलटी थांबवायची. पाच दिवस काढले तर जगतात. एवढीशी पिल्लं बहुतेक काढत नाहीत." आणि म्हणाली, हा साध्या साबणाला भीक घालत नाही. ब्लीचनं धुवायचं, नाहीतर वस्तूंवर वर्षभरसुद्धा जिवंत राहतो.

वर्षभर हा शब्द सुमेधानं ऐकला, पण तेव्हा आत शिरू दिला नाही. काशिनाथला तिथेच ठेवून घेतलं. बाकीची घरी आली, कातडीखाली सलाइन द्यायच्या सुया आणि सिरिंजांची पिशवी घेऊन.

घराचं इस्पितळ झालं. फ्रिजवर तक्ता चिकटला, कुणाला किती पाणी, कुणाचा ताप किती, उलटी किती वाजता. चारुदत्त ब्लीचची बादली घेऊन मुकाट्यानं फरशा पुसत होता. सुमेधा या खोलीतून त्या खोलीत, बादलीतून सिंककडे, सिंककडून फोनकडे. हात चालले की डोकं थांबेल असा तिचा हिशेब होता, पण डोकं कुठे थांबतंय? ग्लेनिसनं फोनवर विचारलं, "पंधरा दिवसांत घरात नवीन काय आलं?"

"काही नाही," सुमेधा म्हणाली. "फक्त ते पाचवं पिल्लू."

माई ओट्याशी घेवडा निवडत होत्या. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

शुक्रवारी सकाळी व्हेटचा फोन आला, काशिनाथ गेला. दुपारी गोदा सुमेधाच्या हातातच गेली. तोंडाशी सिरिंज होती, पाणी ओठावरून खाली ओघळलं, आणि झालं. सुमेधानं तिला टॉवेलात गुंडाळलं, हात धुतले, पुन्हा धुतले. तेवढ्यात धुण्याच्या खोलीतून राखी पिल्लाचा आवाज आला, खणखणीत, भुकेचा. ते ठणठणीत होतं. दोरीशी खेळत होतं.

सुमेधाचा तोलच गेला. "चांगली चार खेळत होती माझी," ती मोठ्यांदा म्हणाली. "ही आली आणि घर बसलं. हिचा पायगुणच वाईट!"

बोलून गेली आणि जागच्या जागी थिजली. टेबलाशी चारुदत्त होता, त्यानं मान खाली घातली. माईंच्या हातातलं भांडं ओट्यावर वाजलं.

आता हे सांगायला हवं, नाहीतर ते भांडं का वाजलं ते कळायचं नाही. तेवीस वर्षांपूर्वी सुमेधा लग्न होऊन सांगलीच्या घरात आली आणि सोळाव्या दिवशी तिचे सासरे सकाळी आंघोळ करताना कोसळले ते उठलेच नाहीत. भेटायला आलेल्या बायकांनी घर भरलेलं. हातावरची मेंदी अजून न उतरलेली चोवीस वर्षांची सून कोपऱ्यात उभी. आणि माई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पायगुण दिसला हो पोरीचा." एवढंच. पुन्हा कधी तो शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. पण त्या दिवसापासून सुमेधाचे पाय त्या घरात आणि मग कुठल्याच घरात टेकले नाहीत. सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या नंतर बसायचं, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. लोक कौतुकानं भिंगरी म्हणायचे. कौतुक करायला लोकांचं काय जातं?

आणि आज तोच शब्द तिनं, तिनं स्वतः, अर्ध्या किलोच्या जिवाला लावला होता. ती तडक डेकवर गेली आणि वाळलेले टॉवेल पुन्हा धुवायला टाकले.

शनिवारी ती उठली तीच एक आकडा डोक्यात घेऊन. राखी पिल्लू येऊन दहा दिवस झाले होते. रोग त्यानं आणला असता तर आधी ते पडायला हवं होतं. ते धडधाकट आणि चौघं आधी पडली, तीही एका दिवसात, जणू चौघांनी एकाच ताटातून खाल्लं. गुरुवारी आजारी म्हणजे रविवारी लागण. रविवारी काय होतं? गोळ्या मोजणाऱ्या बाईला हे मोजता येत नव्हतं असं थोडंच आहे? मोजायचं नव्हतं, इतकंच. चोराच्या मनात चांदणं.

"भाजी घेऊन येते," असं सांगून ती बाहेर पडली. भाजीच्या दुकानावरून दोनदा गेली. नदीपर्यंत गेली, पुलावरून वळून परत आली. शेवटी त्या गराज सेलवाल्या घरासमोर गाडी थांबवली. बाई बागेत गुलाब छाटत होती.

"मिस्टीला काय झालं होतं?" सुमेधानं विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मिस्टीला? काही नाही, तिला तर लस होती. तिची पिल्लं गेली बिचारी, गेल्या हिवाळ्यात. पाचच्या पाच, एका आठवड्यात. तिच्याच टोपलीत झाली होती ना." बाईनं कात्री खाली केली. "का गं? तुझ्याकडे सगळं ठीक आहे ना?"

सुमेधा काय बोलली ते तिला नंतर आठवेना. गाडीत बसली, किल्ली लावली आणि फिरवलीच नाही. टोपली तिनं आणली. टोपली तिनं धुतली. चौघांना तिनं एकेक करून आपल्या हातानं त्यात ठेवलं आणि माळा घातल्या. आणि वर्षभर म्हणून सांगितलेलं ऐकूनही खापर फोडलं ते कुणाच्या डोक्यावर, तर जिला बोलता येत नाही तिच्या. स्टिअरिंगवर डोकं ठेवून ती हुंदके देऊन रडली. शेजारून सायकलवरून जाणाऱ्या एका विद्यार्थ्यानं काचेवर टकटक करून विचारलं, "यू ऑल राइट?" तर ही म्हणते, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम मजेत. सवय, दुसरं काय!

घरी आली तेव्हा बंड्या गेला होता. आणि धुण्याच्या खोलीत राखी पिल्लू पाण्याच्या वाटीवर हनुवटी टेकवून बसलं होतं. ती पाच मिनिटं भोवली होती.

चप्पल न काढताच तिनं ग्लेनिसला फोन लावला आणि सगळं सांगितलं. टोपली, ऊन, बारसं, राखी पिल्लाला ठेवलं तेही. काही वगळलं नाही. ग्लेनिस रागावली नाही, आणि तेच जास्त लागलं. म्हणाली, "टोपली जाळायची. आणि सुमेधा, वर्षभर तुझ्या घरी पिल्लं पाठवता येणार नाहीत. कळतंय ना?" कळत होतं. चारुदत्तानं मागच्या अंगणात लोखंडी ड्रममध्ये टोपली जाळली. झेंडूची एक वाळकी माळ अजून दांडीला होती. माई खिडकीतून बघत होत्या.

रविवारी सखू गेली. इशिताचा अल्बनीहून फोन आला, "मम, आर यू इटिंग?" सुमेधानं तिला हो म्हटलं. खाल्लेलं काही नव्हतं.

आता उरलं एक. आणि गंमत बघा, ज्या चौघांसाठी सुमेधानं जिवाचं रान केलं त्यांच्या तक्त्यावर रकाने भरलेले, आणि या पाचवीचा रकानाच नव्हता. तीन दिवस हिला खाऊपिऊ कोण घालत होतं? सुमेधाच्या आत्ता लक्षात आलं की आपण तर दारातूनच वाटी सरकवत होतो. नव्या तक्त्यावर तिनं नावाची जागा कोरी ठेवली आणि पाण्याचा पहिला आकडा लिहिला. ही जगली पाहिजे. चौघांचं काही करता आलं नाही, पण ही जगली पाहिजे, नाहीतर आपण आयुष्यभर या शब्दाखाली राहू, एकदा ऐकणारे म्हणून आणि एकदा बोलणारे म्हणून.

सोमवारी दुपारी ती व्हेटकडून आणखी सलाइन घेऊन आली. घर शांत होतं. धुण्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं. माई खाली फरशीवर बसल्या होत्या, भिंतीला पाठ टेकून. ज्या बाईला गुडघ्यांमुळे देवापुढेसुद्धा खुर्ची लागायची ती फरशीवर! पदराच्या घडीत राखी पिल्लू, हातात सिरिंज, आणि त्या थेंब थेंब करून त्याच्या गालात पाणी सोडत होत्या.

"माई, उठा, गुडघे धरतील."

"धरू देत. शुक्रवारपासून मीच बसते हिच्यापाशी. तू व्हेटकडे असतेस, नाहीतर त्या चौघांत. एकटीनं काय करायचं हिनं?"

सुमेधा उभीच. माईंनी सिरिंज खाली ठेवली, पण वर बघितलं नाही. बोटानं पिल्लाचा कान चोळत म्हणाल्या, "टोपली मी मागितली होती. हिला पाळण्यात ठेव असं मीच म्हटलं. ग्लेनिसनं तुला फोनवर विचारलं तेव्हा मला बोलायला हवं होतं. नाही बोलले. तू हिचं नाव घेतलंस, मला बरं वाटलं. आपल्यावर आलं नाही म्हणून."

"जाऊ दे, माई."

"जाऊ कुठे दे? एकदा दिलं जाऊ." माईंचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण हनुवटी हलत होती. "ह्यांच्या छातीत वर्षभर कळ येत होती. रात्री उठून बसायचे. डॉक्टर मोठी तपासणी करा म्हणाला होता. लग्न होऊन जाऊ दे, मग बघू, असं आम्ही दोघांनी ठरवलं. चारूलासुद्धा सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, सुमेधा. त्या दिवशी चार बायका बसल्या होत्या, कुणीतरी विचारेल, की बाई, तुला कसं कळलं नाही? म्हणून मी तुझ्याकडे बोट केलं." त्यांनी पिल्लाच्या अंगावर पदर ओढला. "दुखणं घरात आधीच होतं गं. तू मागाहून आलीस."

सुमेधाच्या हातातली पिशवी खाली पडली. तिला वाटलं होतं, कधी काळी हे शब्द ऐकायला मिळाले तर आपण माईंच्या गळ्यात पडू. तसलं काही झालं नाही. तिला राग आला, पायापासून डोक्यापर्यंत. "तेवीस वर्षं, माई?" ती ओरडली. "तेवीस वर्षं लागली तुम्हाला? रोज वाटायचं, आज कुणाचं काय होईल आणि नाव माझं निघेल! मी नीट झोपलेली नाहीये हो!"

"ठाऊक आहे," माई म्हणाल्या. "चहाच्या आधी तुझ्या पायांचा आवाज ऐकायची मी रोज."

सुमेधा ताडकन बाहेर गेली, दोरीवरचे कपडे ओढून काढले, न वाळलेलेसुद्धा. परत आत आली, स्वयंपाकघरातून पुन्हा बाहेर. मग धुण्याच्या खोलीच्या दाराशी आली, पिशवी उचलली, सलाइनची सुई जोडली आणि माईंच्या शेजारी फरशीवर बसली. "घट्ट धरा," ती म्हणाली. "मानेपाशी टोचायचंय." माईंनी घट्ट धरलं. चारुदत्त कामावरून आला, दारातून डोकावला आणि आल्या पावली वळून त्यानं भाताचा कुकर लावला. शहाणा माणूस.

मंगळवारी ताप उतरला, बुधवारी चढला, सुमेधाचा जीव पुन्हा टांगणीला. गुरुवारी सकाळी ती वाटीत पाणी बदलायला वाकली तर राखी पिल्लानं मान पुढे केली आणि जीभ बाहेर काढली. एकदा, दोनदा, मग लपलप सुरूच. सुमेधा हाका मारत सुटली. माई काठी टेकत आल्या, चारुदत्त अर्धी दाढी केलेला आला. तिघं दारात उभे राहून एका मांजराचं पाणी पिणं बघत होते.

पाणी पिऊन झाल्यावर पिल्लू उठलं. पाय काड्यांसारखे, मागचा भाग एकीकडे झुकतोय. उंबऱ्यापाशी आलं आणि थांबलं. या दाराच्या पुढे त्याला कधी येऊ दिलं नव्हतं, त्या पाच मिनिटांशिवाय. आता कुणापासून वेगळं ठेवायचं, दुसरं होतंच कोण? सुमेधा खाली वाकली, त्याला उचलून आत घ्यायला.

माईंनी तिचं मनगट धरलं. "उचलू नकोस," त्या म्हणाल्या. "तिच्या पायांनी येऊ दे घरात."